तापीकाठची मुलं आणि समुद्र: थोडी पार्श्वभूमी

खान्देशाला समुद्रकिनारा नाही, पण समुद्राला जाणारी नदी आहे. मुलताईला उगम पावलेली तापी ७२४ किलोमीटर वाहत सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. भुसावळ, अमळनेर, शिरपूर, शहादा हे सगळे तिच्याच काठचे तालुके. आपल्या मुलांची किनारी निसर्गाशी ओळख व्हायची तर ती या काठावरून सुरू व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

हे नातं जुनं आहे. १७व्या शतकात सुरत बंदरातून बऱ्हाणपूरला जाणारी वाट नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा अशी होती. फ्रेंच व्यापारी ताव्हर्निए याच वाटेने गेला आणि त्याने मुक्कामांची नावं लिहून ठेवली. पुढे याच खोऱ्यातून सुरत-भुसावळ रेल्वे आली. माणसांची ये-जा सोपी झाली, पण माशांची ये-जा अडत गेली. पाला, म्हणजे बंगाल्यांचा हिलसा, समुद्रात राहतो आणि अंडी घालायला नदीत चढतो. अहीर, म्हणजे सापासारखा लांबट ईल मासा, याच्या उलट: समुद्रात जन्मतो, वाढायला गोड्या पाण्यात येतो. आधी गुजरातेत काकरापारचा बंधारा झाला, १९७२ मध्ये उकाई धरण उभं राहिलं, नंतर आपल्याकडे सारंगखेडा, प्रकाशा, सुलवाडे इथे बॅरेज झाले. शेतीला पाणी मिळालं, त्याची गरजही होती. पण समुद्रातून वर येणाऱ्या जिवांची वाट बंद झाली आणि त्यांच्याबरोबर काठावरच्या मुलांच्या कानावर पडणाऱ्या समुद्राच्या गोष्टीही आटल्या.

मग समुद्र उरला सहलीपुरता. चौपाटी, भेळ आणि १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयातले काचेआडचे मासे. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शाळेत शिकवायला सांगितला, पण तो बहुतेक पुस्तकातच राहिला.

खरं वळण मिळालं ते कोकणात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी सर्रास चोरीला जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. काही वर्षांत कासव महोत्सव सुरू झाला, आणि गावातल्या घरांनी पाहुण्यांना जेवूखाऊ घालून आपल्याच ओसरीवर उतरवलं. आईवडील आणि मुलं एकत्र येऊन पिल्लं समुद्रात जाताना पाहू लागली. माझ्या मते वेळासची मोठी देणगी हीच: निसर्ग पाहणं हा शाळेचा कार्यक्रम न राहता घराचा झाला. पुढे २०१७ मध्ये ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’च्या मंडळींनी मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी लोकांना फिरवायला सुरुवात केली. चौपाटीच्या शहरातही समुद्री गोगलगायी, खेकडे आणि समुद्रफुलं आहेत, हे अनेक मुंबईकरांनाही तेव्हाच कळलं.

आपल्याला यातून काय घेता येईल? तापी-पूर्णा संगमाच्या खालच्या हतनूर जलाशयावर हिवाळ्यात छोटा टिलवा आणि मासे पकडणारा कैकर दिसतात. हेच पक्षी किनाऱ्यावरही हिवाळा काढतात. डिसेंबरात हतनूरला दुर्बिणीतून टिलवा पाहिलेलं मूल समुद्रावर गेलं, की त्याला तिथे ओळखीचं कुणीतरी भेटतं. नुसती लाटांत उडी मारून परतणाऱ्या सहलीत हे घडत नाही.

अडचणीही आहेत. कासवांची पिल्लं साधारण फेब्रुवारी अखेरपासून एप्रिलपर्यंत बाहेर पडतात, आणि नेमक्या तेव्हाच परीक्षा असतात. सुरत जवळ असली तरी खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक फार मोठा, भावनगरजवळ तर तो १० मीटरच्याही पुढे जातो. त्यामुळे स्थानिक जाणकार सोबत असल्याशिवाय मुलांना तिथल्या चिखलात नेऊ नये. खडकाळ किनाऱ्यावर जायचं तर तारीख शाळेच्या सोयीने न ठरवता पंचांग पाहून ठरवावी, कारण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वात दूर सरतं.