लंगडणाऱ्या घोड्याला तपासणीआधी वेदनाशामक देऊ नका

पुढच्या पायाने महिनोन्महिने लंगडणारा घोडा आणि "डॉक्टर, एकदाची नस कापून टाका" ही मागणी, असे फोन आमच्या दवाखान्यात वारंवार येतात. प्रत्येकाला फोनवर सगळं सांगणं जमत नाही, म्हणून हे पत्रक.

सगळ्यात आधी एक विनंती. तपासणीच्या आधी पाच दिवस घोड्याला वेदनाशामक देऊ नका. फिनाइलब्युटाझोन नको, फ्लुनिक्सिन नको, मेलॉक्सिकॅम नको, शेजारच्या तबेल्यातून आणलेली पुडीही नको. (माणसांचं डायक्लोफिनॅक तर कधीच नको. ते दिलेल्या जनावराचं मढं खाऊन गिधाडं मरतात म्हणून 2006 पासून ते जनावरांसाठी बंद आहे.) मागच्या हिवाळ्यात एक मालक रात्रभर प्रवास करून घोडी घेऊन आले. टेम्पोतून उतरली आणि सरळ चालायला लागली. वाटेत हाल होऊ नयेत म्हणून त्यांनी आदल्या संध्याकाळी इंजेक्शन दिलं होतं. दिलं होतं मायेपोटीच, पण आम्हाला तपासायला लंगडणंच उरलं नव्हतं. घोडी तशीच परत गेली, दहा दिवसांनी पुन्हा आली. टेम्पोचं भाडं दुप्पट झालं आणि घोडीला दोनदा प्रवास घडला.

अपवाद एकच. घोडा पाय टेकवतच नसेल किंवा पाय एकाएकी सुजला असेल तर पाच दिवस थांबू नका, त्याच क्षणी फोन करा. खुरात खिळा गेलेला असेल, पू झाला असेल, हाड मोडलेलं असेल. ते या पत्रकातलं दुखणं नव्हे. दुसऱ्या आजारासाठी औषध चालू असेल तरी ते परस्पर बंद करू नका, आधी विचारा.

औषधावर आमचा एवढा कटाक्ष का? खुराच्या आत मागच्या बाजूला होडीच्या आकाराचं एक छोटं हाड असतं, नॅव्हिक्युलर. त्याच्यावरून खोल कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी) घासत जातो. हा भाग झिजला की घोडा टाच टेकवायला कचरतो, पावलं आखूड टाकतो, कडक जमिनीवर आणि वळणावर जास्त लंगडतो. बहुतेक वेळा दोन्ही पाय दुखत असतात, पण दिसतो एकच. आम्ही घोड्याला दुडकीने पळवतो. दुखरा पाय टेकताना मान वर जाते, चांगला टेकताना खाली येते. मग त्या पायाच्या टाचेकडे जाणाऱ्या दोन्ही मज्जातंतूंपाशी थोडं बधिर करणारं औषध टोचतो आणि पाच-दहा मिनिटांनी पुन्हा पळवतो. लंगडणं गेलं तर दुखणं टाचेच्या भागात आहे. कित्येकदा त्याच वेळी घोडा दुसऱ्या पायाने लंगडू लागतो, म्हणजे तोही पाय दुखत होता.

ही नस कापण्याच्या शस्त्रक्रियेची रंगीत तालीमच असते. बधिर केल्यावर घोडा जसा चालतो, त्याहून चांगला तो शस्त्रक्रियेनंतर चालणार नाही. अंगात वेदनाशामक असेल तर ही तालीम बघायलाच मिळत नाही, आणि न बघता आम्ही सुरी हातात घेत नाही. टोचूनही फरक पडला नाही तर आम्ही शस्त्रक्रियेला नकार देतो. काही मालक रागावतात. पण दुखणं घोट्यात असताना टाच बधिर करून त्या जनावराचं काय भलं होणार?

तपासणीला अर्धा दिवस लागतो आणि तिची फी वेगळी असते, तेही याचसाठी. एक्स-रेसाठी नाल काढावी लागते, खूर घासून साफ करावा लागतो. त्यामुळे येण्याच्या दोन दिवस आधी नवी नाल ठोकून आणू नका.

आता "नस" या शब्दाबद्दल. आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो, कंडरालाही म्हणतो. इथे कापतात तो मज्जातंतू, पायाच्या दोन्ही बाजूंचा, खुराच्या जरा वर, काही सेंटिमीटरचा तुकडा. कंडरा कापत नाहीत. आणि मज्जातंतू कापून रोग बरा होत नाही, दुखणं कळायचं थांबतं, एवढंच. आतली झीज चालूच राहते. मज्जातंतू पुन्हा जुळून लंगडणं परत येऊ शकतं, कापलेल्या टोकाला दुखरी गाठ होऊ शकते. आतला कंडरा आधीच फाटलेला असेल तर वेदना नसलेला घोडा त्यावर पूर्ण भार टाकतो आणि कंडरा तुटू शकतो. खुराच्या भिंतीआड सोनोग्राफीत तो नीट दिसत नाही, म्हणून हा धोका आम्ही आधीच स्पष्ट सांगतो.

म्हणूनच आम्ही सुरुवात नाल बदलण्यापासून करतो. खुराचा पुढे लांबलेला भाग कापून मागे आणायचा, टाचेला आधार देणारी अंडाकृती बंद नाल लावायची, दर पाच-सहा आठवड्यांनी खूर करायचे, गरज वाटल्यास सांध्यात इंजेक्शन द्यायचं. याला तीन-चार महिने द्या. आमचा नालबंद एक्स-रे समोर ठेवून खूर कापतो, आणि एवढ्यावरच काम भागलेले घोडे आम्ही पाहिले आहेत. एकाच तबेल्यात तीन-चार घोडे असतील तर आम्ही तिकडे येतो, येण्याजाण्याचा खर्च वाटला जातो.

शस्त्रक्रिया ठरलीच तर आधी धनुर्वाताची लस पूर्ण हवी. नंतर दोन-तीन आठवडे पट्टी, तबेल्यात विश्रांती, मग हाताने फिरवणं. सहा ते आठ आठवड्यांच्या आत काम नाही, लग्नाची वरात असली तरी नाही. त्यानंतर रोज, अगदी रोज, चारही खूर उचलून साफ करून बघायचे. बधिर टाचेत खिळा गेला तर घोडा सांगणार नाही, मोतद्दारालाच तो दिसायला हवा. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या नियमांत पाय बधिर असलेल्या घोड्याला स्पर्धेत उतरता येत नाही, तेव्हा स्पर्धेचा घोडा असेल तर आधी सांगा. आणि पुढे घोडा विकलात तर घेणाऱ्याला हे कळवा. केसांखाली व्रण दिसत नाही, तरी लपवू नका.

वेळ घेताना घोड्याचं वय, काम, लंगडणं कधीपासून आणि शेवटचं औषध कोणत्या दिवशी दिलं ते सांगा. औषधाचं नाव आठवत नसेल तर रिकामी बाटली फेकू नका, सोबत आणा.