दगडी पाला : जखमेवरील चाचण्या

दगडी पाला (ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स) ही सूर्यफुलाच्या कुळातील, मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील वनस्पती. एकदांडी, कंबरमोडी, जखमजुडी या नावांनीही ती ओळखली जाते. खुरप्याने बोट कापले की बांधावरचा पाला तळहातावर चोळायचा आणि रस जखमेवर पिळायचा, हा ग्रामीण महाराष्ट्रातला सर्रास उपाय. भारतात १९८०च्या दशकापासून या गुणाची प्रयोगशाळेत पारख होत आली आहे.

पाला सावलीत वाळवून, कुटून, पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये त्याचा अर्क काढतात. तो मलमात मिसळून उंदरांवर वापरतात. त्यासाठी संस्थेच्या प्राणी-नीती समितीची परवानगी लागते. भूल देऊन पाठीवरची कातडी गोलाकार काढली जाते आणि जखमेची कड पारदर्शक कागदावर गिरवून क्षेत्रफळ किती घटले ते मोजतात. दुसऱ्या पद्धतीत सरळ छेद टाके घालून शिवतात, पुढे टाके काढून तो उसवायला किती ताण लागतो ते पाहतात. नव्या ऊतीतील हायड्रॉक्सिप्रोलीन या अमिनो आम्लावरून कोलॅजनचा, म्हणजे त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचा अंदाज येतो. एका गटाला अर्काविना नुसते मलम लावावेच लागते. हा गट नसेल तर निष्कर्षाला फारसा अर्थ नाही, कारण साधी जखम आपोआपही भरते.

म्हणूनच भरून येणे मुद्दाम मंदावलेल्या जखमांवरचे प्रयोग अधिक बोलके ठरतात. डेक्सामेथासोन या स्टिरॉइडमुळे नवी त्वचा धरायला उशीर होतो, छेदाची मजबुतीही घटते. दगडी पाल्याने हे दोन्ही परिणाम कमी झाले. जखम आकसण्याचा मंदावलेला वेग मात्र सुधारला नाही. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लायसिल ऑक्सिडेज या कोलॅजनचे धागे सांधणाऱ्या विकराची क्रिया वाढलेली आढळली. संपूर्ण अर्काच्या तुलनेत पाण्यात उतरलेल्या भागाचा प्रभाव कमी होता.

हे निष्कर्ष माणसाला थेट लागू करता येत नाहीत. उंदराच्या सैल कातडीखाली स्नायूचा पातळ थर असतो, त्यामुळे त्याची जखम मुख्यतः आकसून मिटते; माणसात नवी ऊती आणि त्वचा तयार होण्यावर जास्त भिस्त असते. शिवाय प्रयोगातला मोजून मिसळलेला अर्क आणि बांधावरचा ताजा रस या वेगळ्या गोष्टी आहेत. जमिनीलगत पसरणाऱ्या या पाल्याला माती चिकटलेली असते आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. रस लावला तरी जखम धुणे आणि गरजेप्रमाणे धनुर्वाताची लस घेणे टळत नाही.