चिंचोक्यांच्या दोन रांगा

चार वर्षांच्या मुलासमोर चिंचोक्यांच्या दोन रांगा मांडा, एकासमोर एक, प्रत्येकीत सहा. "दोन्हीकडं सारखेच आहेत ना?" मूल हो म्हणेल. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका रांगेतले चिंचोके लांब लांब सरकवा आणि पुन्हा विचारा. या वयाची बरीच मुलं लांब रांगेकडं बोट दाखवतात. तिकडं जास्त आहेत म्हणतात.

हा प्रयोग जाँ पियाजे या स्विस अभ्यासकाचा. त्यांची डॉक्टरेट मानसशास्त्रातली नव्हती. 1918 मध्ये ती मिळाली गोगलगायींसारख्या मृदुकाय प्राण्यांवरच्या अभ्यासाला. प्राणी निरखायची ती सवय पुढं त्यांनी स्वतःच्या तीन मुलांकडं वळवली आणि बारीकसारीक नोंदींची पानंच्या पानं भरली. त्यामुळं सोलापुरातली एखादी अंगणवाडी सेविका किंवा आई "कॉलेजला न जाता बालमानसशास्त्र शिकता येईल का?" असं विचारते, तेव्हा माझं उत्तर 'हो' असतं. सुरुवात नक्कीच करता येते, आणि ती वहीनं करावी.

वहीत लिहायचं ते दिसलेलं. "बाळ्या रुसला" ही नोंद नव्हे, तो आपला अंदाज. "हाक मारली, त्यानं तोंड फिरवलं, थोड्या वेळानं स्वतःच जवळ आला" ही नोंद. वेळ, जागा, सोबत कोण होतं, तेही लिहावं. महिनाभर असं लिहिलं की आपण मुलाच्या मनात काय काय घुसडत होतो ते कळू लागतं.

पण नुसत्या बघण्याला मर्यादा असते, आणि तीही चिंचोक्यांच्या प्रयोगानंच दाखवून दिली. सत्तरच्या दशकात जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी त्यात एक छोटा बदल केला. रांग मोठ्या माणसानं सरकवली नाही. एक खोडकर टेडी आला आणि त्यानं ती विस्कटली. आता कितीतरी जास्त मुलांनी "सारखेच" असं बरोबर उत्तर दिलं. त्यांच्या मते, मोठं माणूस मुद्दाम काहीतरी करून तोच प्रश्न पुन्हा विचारतं, तेव्हा मुलाला वाटतं की आपलं आधीचं उत्तर चुकलं असावं. यावरही पुढं वाद झाले; टेडीच्या गमतीत मुलांचं रांगेकडं लक्षच राहत नसेल, असं काहींनी सुचवलं. एक गोष्ट बदलायची, बाकी तशाच ठेवायच्या आणि मग तुलना करायची, ही शिस्त एकट्यानं अंगी बाणवणं अवघड आहे. माझ्या मते कॉलेजचं खरं देणं हेच: संशोधनपद्धती, संख्याशास्त्र, प्रात्यक्षिकं आणि आपली चूक दाखवणारं कुणीतरी.

सोलापुरात तर याची फारच गरज आहे. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडच्या कुटुंबांत कन्नड, काही घरांत उर्दू. अशा घरातलं मूल बालवाडीत येतं आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नावर गप्प राहतं. त्याला "मंद" म्हणून टाकणं हा अन्याय आहे. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाला एकेका भाषेतले शब्द कमी येत असतील, म्हणून दोन्ही भाषांतले एकत्र मोजायला हवेत. चिंचोक्यांचा प्रश्नही घरच्या भाषेत विचारायला हवा.

शिकण्याच्या वाटा थोडक्यात सांगते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न काही महाविद्यालयांत बीएला मानसशास्त्र घेता येतं. नोकरी सांभाळून दूरस्थ पद्धतीनं पदवी घ्यायचा बेत असेल तर आधी नीट चौकशी करावी: 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन चालवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसीचे) निर्देश आहेत. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. मानसशास्त्रातलं नेहमीचं बीए किंवा एमए तेवढ्याला पुरत नाही, ऑनलाइन प्रमाणपत्र तर नाहीच.

म्हणून स्वतः शिकणाऱ्यानं निदान करू नये. शेजारच्या मुलाला "ऑटिझम असेल" असं सहज बोलून जाणं त्या घराला फार महागात पडतं. मूल वयाच्या मानानं बोलत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं आणि आधी कान तपासून घ्यावेत. ऐकू कमी येत असेल तर बोलणंही मागं पडतं. जाताना ती वही सोबत न्यावी. डॉक्टरांना मूल दिसतं थोडा वेळ, तेही अनोळखी खोलीत बावरलेलं. घरी ते काय करतं, कुठल्या भाषेत काय मागतं, हे वहीतूनच त्यांना कळेल.