फ्रिस्को स्कूल डिस्ट्रिक्ट

अमेरिकेतील टेक्सास राज्यात, डॅलसच्या उत्तरेला असलेली सरकारी शाळांची स्वायत्त संस्था. पूर्ण नाव फ्रिस्को इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्ट. कॉलिन आणि डेंटन या दोन काउंटींत पसरलेल्या हिच्या हद्दीत फ्रिस्कोबरोबरच प्लेनो, मॅकिनी व लिटल एल्म यांचेही काही भाग येतात. कारभार नगरपालिकेकडे नसून मतदारांनी निवडलेल्या 7 विश्वस्तांकडे असतो. मंडळ स्वतःचा मालमत्ता कर आकारते. इमारतींसाठी कर्जरोखे काढायचे तर आधी मतदारांचा कौल घ्यावा लागतो. त्यामुळे शाळेचा खर्च तिथल्या घरमालकाला आपल्या कराच्या बिलातच दिसतो.

गाव वसले ते रेल्वेमुळे. जुनी वस्ती लेबनन इथे, उंचवट्यावर होती. वाफेच्या इंजिनांना पाणी हवे, म्हणून 1902 च्या सुमारास रेल्वेने पश्चिमेकडची सखल जागा निवडली. लेबननच्या काही कुटुंबांनी राहती घरे ओंडक्यांवर चढवून नव्या गावी ओढत नेली. आज लेबनन ट्रेल हायस्कूलच्या नावात ती वस्ती उरली आहे.

1990 मध्ये गावाची लोकसंख्या जेमतेम 6 हजार होती. 2020 मध्ये ती 2 लाखांवर गेली. 2003 पर्यंत गावात एकच हायस्कूल होते. त्या वर्षी सेंटेनियल हायस्कूल उघडले आणि 2022 पर्यंत हायस्कुलांची संख्या 12 झाली. ही संख्या मुद्दाम वाढवलेली आहे. एका हायस्कूलचा पट साधारण 2,100 च्या आत ठेवायचा, हे इथले धोरण. शेजारच्या ॲलन गावाच्या डिस्ट्रिक्टने याउलट 5 हजारांहून अधिक मुलांचे एकच हायस्कूल चालवले. फ्रिस्कोचा मार्ग महागडा खरा, पण मुलांच्या बाजूचा आहे: बारा शाळा म्हणजे बारा बँड, बारा फुटबॉल संघ, आणि एरवी बाकावर बसून राहिले असते अशा कितीतरी मुलांना खेळायची संधी.

पैशाचा प्रश्न मात्र सुटला नाही. 2014 मध्ये मतदारांनी 77 कोटी 50 लाख डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले, पण ते इमारतींसाठी. शिक्षकांचे पगार त्यातून देता येत नाहीत. ऑगस्ट 2016 मध्ये करवाढ मतदारांनी फेटाळली आणि चार नव्या शाळा लांबणीवर पडल्या. मेमोरियल हायस्कूल त्यांपैकीच. ते 2018 मध्ये उघडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये करवाढीला होकार मिळाला.

वाढीबरोबर वर्गही बदलले. नोकरीनिमित्त आलेल्या भारतीय कुटुंबांनी इथे मोठ्या संख्येने घरे घेतली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. आशियाई वंशाची मुले आता पटावरचा सर्वांत मोठा गट आहेत.

पटसंख्या 67 हजारांच्या आसपास पोहोचून 2023 नंतर घटू लागली. घरांच्या किमती लहान मुलांच्या आईवडिलांना परवडेनात, जन्मदरही उतरला. 2024-25 अखेर स्टेली मिडल स्कूल बंद करण्यात आले. दोन दशके नव्या शाळांसाठी जागा शोधणाऱ्या मंडळापुढे आता असलेल्या शाळा भरण्याचे काम आहे, आणि त्यासाठी हद्दीबाहेरच्या मुलांनाही प्रवेश खुला केला आहे.