न्यू मिन्स्टर सनद

न्यू मिन्स्टर सनद : अँग्लो-सॅक्सन इंग्लंडचा राजा एडगर (कारकीर्द ९५९–९७५) याने विंचेस्टर येथील न्यू मिन्स्टर या मठाला दिलेली लॅटिन सनद आणि तिचे सुवर्णाक्षरी, सचित्र हस्तलिखित. सनदेत ९६६ हे वर्ष नमूद आहे. हस्तलिखित सध्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असून ‘कॉटन व्हेस्पेशियन ए आठ’ या क्रमांकाने ते ओळखले जाते. त्या काळातील राजांच्या सनदा सामान्यतः चर्मपत्राच्या एकाच सुट्या तावावर लिहिल्या जात. ही सनद मात्र ग्रंथरूपात आहे आणि तिचा संपूर्ण मजकूर सोन्याच्या शाईने लिहिलेला आहे. अँग्लो-सॅक्सन हस्तलिखितांपैकी आज उपलब्ध असलेले असे हे एकमेव मानले जाते.

न्यू मिन्स्टरची स्थापना आल्फ्रेड राजाचा मुलगा थोरला एडवर्ड याने ९०१ च्या सुमारास केली. विंचेस्टरचे जुने कॅथीड्रल, म्हणजे ओल्ड मिन्स्टर, त्याच्या अगदी शेजारी होते. दहाव्या शतकाच्या मध्यास या दोन्ही ठिकाणी संत बेनेडिक्टच्या नियमाने (मठजीवनाच्या नियमावलीने) बांधलेले मठवासी नव्हते. स्वतंत्र घर, खाजगी मालमत्ता आणि पुष्कळदा पत्नीही असलेले पुरोहित तेथील उपासना चालवीत. ग्लॅस्टनबरीला मठजीवनाची नवी घडी बसवून पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झालेला डन्स्टन, फ्रान्समधील फ्लरीच्या मठात शिकून आलेला वूस्टरचा बिशप ऑझ्वल्ड आणि ॲबिंग्डनचा मठाधिपती एथेलवोल्ड हे बेनेडिक्टीय सुधारणेचे तीन प्रमुख पुरस्कर्ते होत. त्यांपैकी एथेलवोल्ड सर्वांत कठोर होता. ९६३ मध्ये विंचेस्टरचा बिशप होताच त्याने पुढच्याच वर्षी, राजाच्या पाठिंब्याने, दोन्ही मिन्स्टरांतून पुरोहितांना बाहेर काढून त्यांच्या जागी मठवासी आणले. न्यू मिन्स्टरचे मठाधिपतिपद एथेलगारकडे गेले. तोही पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला.

सनदेचा मजकूर याच घटनेचे समर्थन करतो. तिच्यात जमिनीच्या दानाला महत्त्व नाही. प्रारंभी विश्वाची निर्मिती, गर्विष्ठ देवदूतांचे स्वर्गातून पतन आणि आदामाची नंदनवनातून हकालपट्टी यांचे वर्णन येते. त्यानंतर राजा प्रथमपुरुषी सांगतो, की देवाने जसे स्वर्गातून अपराध्यांना काढले, तसे आपण दुराचारी पुरोहितांना ख्रिस्ताच्या मठांतून काढले आहे. मठवाशांनी नियमाप्रमाणे आपला मठाधिपती निवडावा, राजाने मठाचे रक्षण करावे आणि सनद मोडणाऱ्यावर शाप पडावा, हा उर्वरित आशय. ही भाषा राजाच्या दप्तरातील नेहमीच्या लेखनिकाची नाही. दुर्मिळ आणि ग्रीक मुळाच्या शब्दांचा मुद्दाम केलेला भरणा पाहता मजकूर स्वतः एथेलवोल्डने रचला, हे मध्ययुगीन लॅटिनचे अभ्यासक मायकेल लॅपिज यांचे मत आता बहुतेक अभ्यासक स्वीकारतात.

हस्तलिखिताच्या काळाविषयी मात्र मतभेद आहेत. ९६६ हे वर्ष दान जाहीर झाल्याचे असू शकते. प्रत्यक्ष ग्रंथ त्यानंतर, पण एथेलवोल्डच्या मृत्यूपूर्वी (९८४) तयार झाला असावा, असे काहींना वाटते. ही बाब केवळ एका ग्रंथापुरती नाही. इंग्लंडमध्ये लॅटिन मजकुरासाठी कॅरोलिंजियन (शार्लमेनच्या घराण्याच्या काळात रूढ झालेल्या) वळणाची लिपी सुधारणावादी मठांतून रूढ झाली, आणि तिचा हा अगदी आरंभीचा कालनिर्देशित नमुना आहे. तथाकथित विंचेस्टर शैलीच्या चित्रकलेचा कालक्रमही येथूनच मोजला जातो. काळाच्या या वादात सनदेच्या अखेरची साक्षीदारांची यादी विशेष बोलकी आहे. तिच्यात राणी एल्फथ्रिथचा उल्लेख राजाची ‘कायदेशीर पत्नी’ असा आहे आणि तिचा तान्हा मुलगा एडमंड ‘कायदेशीर’ राजपुत्र म्हणून, वयाने मोठ्या असलेल्या त्याच्या सावत्र भावाच्या, एडवर्डच्या, आधी येतो. एडवर्डला केवळ राजापासून झालेला पुत्र म्हटले आहे. शिवाय एडमंडच्या नावापुढील साक्षीची खूण असलेला क्रूस सोन्याने भरलेला असून एडवर्डच्या क्रुसाची नुसती बाह्यरेषा काढलेली आहे. एडमंड ९७१ च्या सुमारास वारला. त्याच्या पश्चात नवी प्रत करणाऱ्या लेखनिकाने हा भेद इतक्या बारकाईने चितारण्याचे कारण उरत नाही. म्हणून ग्रंथ ९६६ मध्ये किंवा त्यानंतर लवकरच सिद्ध झाला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

मुखचित्र जांभळ्या रंगाच्या पार्श्वभूमीवर आहे. वर बदामाकृती तेजोवलयात ख्रिस्त बसलेला असून चार देवदूतांनी ते वलय धरले आहे. खाली एका बाजूस मरिया, दुसऱ्या बाजूस किल्ली धारण केलेला संत पीटर आणि त्यांच्या मधोमध सनदेचा ग्रंथ उंच धरलेला एडगर. चौकटीच्या सोनेरी पट्ट्यांना वेढणारी अकँथस या काटेरी वनस्पतीची पाने कॅरोलिंजियन कलेतून आली असली, तरी ती चौकटीबाहेर ज्या जोमाने उसळतात तो जोम विंचेस्टरचा आहे. समोरच्या पानावरील दोन ओळींच्या लॅटिन पद्याचा आशय असा, की ताऱ्यांचा निर्माता उंच सिंहासनावर बसला आहे आणि राजा एडगर नतमस्तक होऊन त्याची आराधना करतो. चित्रातील राजा मात्र खाली वाकलेला नाही. पाहणाऱ्याकडे जवळजवळ पाठ करून, अंगाला पीळ देत तो वर पाहतो आहे. पद्यात विनम्रता आणि चित्रात संतांच्या रांगेतील स्थान, अशी ही दुहेरी मांडणी एडगरच्या राजपदाविषयी सुधारकांची धारणा कोणत्याही विधानापेक्षा स्पष्टपणे दाखवते. ग्रंथाचे हे वैभव पाहता तो दप्तरात ठेवण्यासाठी नव्हे, तर वेदीवर मांडण्यासाठी केला असावा, हा तर्क पटण्यासारखा आहे.

न्यू मिन्स्टरचा मठ १११० मध्ये विंचेस्टरच्या तटाबाहेर हाइड येथे हलला. हस्तलिखित पुढे सर रॉबर्ट कॉटन (१५७१–१६३१) यांच्या संग्रहात आले. त्या संग्रहातील कपाटांना रोमन सम्राटांची नावे होती, आणि सनदेच्या क्रमांकातील ‘व्हेस्पेशियन’ हे त्यांपैकीच एक. १७३१ च्या आगीत कॉटन संग्रहातील अनेक ग्रंथ जळाले, पण ही सनद वाचली.