जुनवट रंगकाम (लाकडावरील)

जुन्या लाकडी सामानावर रंग व स्टेन (लाकडात मुरणारे रंगद्रव्य) चढवून त्याला उन्हापावसाने खाल्लेल्या लाकडाची कळा आणण्याची रीत.

उघड्यावरचे लाकूड करडे पडते ते मुख्यतः सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांमुळे. त्यांनी लिग्निनाचे (लाकडाचे तंतू सांधून ठेवणाऱ्या द्रव्याचे) विघटन होते, पाऊस ते धुऊन नेतो व वर सेल्युलोजाचे फिकट तंतू उरतात; बुरशी त्यांना करडी छटा देते. मऊ लाकडाची अशी झीज शतकात साधारण ५ ते ६ मिमी. धरतात, घट्ट लाकडाची त्याहून कमी. छपराखाली हे घडत नाही. जुन्या नाशकातील वाड्यांत पागोळ्या झेलणारी वाशांची टोके करडी, तर ओसरीचे सागवानी खांब हात, तेल व धूर लागून काळसर तपकिरी झालेले असतात. दिवाणखान्यातील कपाटाची करडी छटा त्यामुळे त्याच्या वयाची साक्ष देत नाही.

ओकच्या रेषांत पांढरा लेप भरण्याची यूरोपीय पद्धत या शैलीची पूर्वज समजतात. ती सामान्यतः १६व्या शतकाइतकी जुनी मानली जाते. किडीवर उपाय म्हणून चुना फासत, पुसल्यावरही तो रेषांत उरे व त्यातून शोभा सुचली, ही उपपत्ती पटण्याजोगी आहे. मात्र अशा ओकचे ‘सेरूज्ड’ हे नाव सफेद्यावरून, म्हणजे शिसेयुक्त पांढऱ्या रंगावरून आले आहे. तेव्हा चुना व सफेदा या दोन परंपरा पुढे एकमेकींत मिसळल्या असाव्यात. रंग घासून झिजवण्याची आजची तऱ्हा साधारणतः १९८०च्या दशकापासूनची.

करडेपणासाठी लोहाची कृती खात्रीची. व्हिनेगरमध्ये स्टील वूल एकदोन दिवस भिजवल्यास लोह ॲसिटेट बनते (स्टेनलेसची घासणी येथे निरुपयोगी). ते लाकडातील टॅनिनाशी (तुरट द्रव्याशी) संयोग पावून निळसर करड्यापासून काळ्यापर्यंत छटा देते. हिरडा व हिराकस (लोहाचे सल्फेट) यांच्या काळ्या शाईमागे हीच अभिक्रिया. टॅनिन कमी असेल तर आधी कडक चहाचा किंवा बाभळीच्या सालीच्या काढ्याचा हात देतात. हवा लागून छटा गडद होत जाते, म्हणून दुसऱ्या हाताची घाई करू नये. मूळ पॉलिश राहिल्यास स्टेन मुरत नाही. चपडीचे (लाखेचे) पॉलिश स्पिरिटने सुटते.

रंगाची पद्धत सोपी. कडांना मेणबत्ती घासून फिका रंग देतात व वाळल्यावर पॉलिश पेपर मारतात. झीज हात लागतो तेथेच शोभते.

जुना तैलरंग कोरडा घासू नये. घरगुती रंगांतील शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही मर्यादा भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात विषारी शिसे असू शकते व घासताना त्याची धूळ उडते.

वाड्यातून निघालेल्या कोरीव गणेशपट्टीवर किंवा तुळईवर हा प्रयोग टाळावा. लोहाचा डाग तंतूंत मुरतो. तो काढायला रंधा मारला की कोरीवकामही जाते.