राज्यपाल आणि अंदमानचे नायब राज्यपाल: पगार किती, दर्जा कोणता, रजा कशी, आणि अर्ज कुठे करायचा?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. अर्ज नसतो. जाहिरात नाही, परीक्षा नाही, कागदपत्रांची यादी नाही. राज्यपालांना राष्ट्रपती आपल्या सही-शिक्क्याच्या अधिपत्राने नेमतात (अनुच्छेद १५५), पुढे उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींसमोर शपथ, की झालं. तरीही ‘पद मिळवून देतो’ म्हणणारे भेटतात. डिसेंबर २०२४ मध्ये नाशिक पोलिसांनी अशाच एकाला अटक केली. राज्यपाल करतो सांगून तमिळनाडूतल्या एका गृहस्थांकडून पाच कोटींवर रक्कम उकळल्याचा आरोप होता. कुणी फॉर्म पुढे केलाच, तर पोलीस ठाणं गाठा.

पात्रतेचं म्हणाल तर राज्यपालांसाठी भारतीय नागरिकत्व आणि वयाची ३५ वर्षं पूर्ण, एवढंच. आमदारकी-खासदारकी आणि लाभाचं दुसरं पद चालत नाही. अंदमान-निकोबार मात्र केंद्रशासित, म्हणून तिथे अनुच्छेद २३९ लागतो आणि त्यात वयाची अटच लिहिलेली नाही. राष्ट्रपती प्रशासक नेमतात आणि त्याचं पदनामही तेच ठरवतात. त्यामुळे अंदमानात नायब राज्यपाल आणि लक्षद्वीपला नुसते प्रशासक. २०१७ मध्ये अंदमानला नेमले गेले ते ॲडमिरल डी. के. जोशी, माजी नौदलप्रमुख.

आता पगार. खरी गंमत इथे आहे. राज्यपालांना १ जानेवारी २०१६ पासून महिना ३,५०,००० रुपये, तेही ठोक. त्याआधी १,१०,००० होते. नायब राज्यपालांचा पगार केंद्राच्या सचिवाच्या बरोबरीचा. एप्रिल २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने त्यांचा पगार ८०,००० वरून २,२५,००० केला, अधिक महागाई भत्ता, अधिक आतिथ्याचे ४,००० आणि सचिवाच्या दराने स्थानिक भत्ते. सोबत एक अट घातली: आतिथ्य आणि स्थानिक भत्ते सोडून एकूण रक्कम राज्यपालांच्या वर जाता कामा नये.

मांडून बघा. महागाई भत्ता ५५ टक्के होता तेव्हा बेरीज ३,४८,७५० व्हायची, मर्यादेला फक्त १,२५० कमी. जुलै २०२५ पासून तो ५८ टक्के झाला आणि आकडा निघाला ३,५५,५००. म्हणजे अट तेव्हापासून कागदावरची राहिली नाही, मर्यादेवरचे पैसे तिथेच कापले जाणार. राज्यपालांची रक्कम कायद्यात लिहिलेली, ती बदलायला संसद लागते. सचिवांची महागाईबरोबर आपोआप चढते. दर्जा खालचा, पण हातात पडणारे पैसे तेवढेच!

हा दर्जाचा फरक गोवेकरांनी जवळून पाहिलाय. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं आणि गोपाल सिंह नायब राज्यपालाचे राज्यपाल झाले. माणूस तोच, दोनापावलाचं काबो राजभवनही तेच.

रजेचा मात्र अर्ज असतो, आणि या नोकरीतला तोच काय तो खरा अर्ज. २०१५ साली गृह मंत्रालयाने राज्यपालांसाठी नियम घातले की वर्षातले किमान २९२ दिवस राज्यात काढायचे. उरले ७३. राज्याबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी राष्ट्रपतींची मंजुरी हवी, आणि विनंती दौऱ्याच्या प्रकाराप्रमाणे एक ते सहा आठवडे आधी पाठवायची. ऐनवेळी निघावं लागलं तर कारण कळवायचं. साध्या कारकुनाची किरकोळ रजासुद्धा याहून सुटसुटीत असते!

जागा रिकामी पडली तर बहुधा दुसऱ्या एखाद्या राज्याच्या राज्यपालांकडे अतिरिक्त कार्यभार जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये गुजरातचे आचार्य देवव्रत यांच्याकडे महाराष्ट्र असाच आला. राजभवनं दोन झाली तरी पगार एकच, साडेतीन लाख. तो दोन्ही राज्यांनी किती-किती उचलायचा, हे राष्ट्रपती ठरवतात.